पाव वळसा

३ मार्च

साडूबुवा,

नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच केराच्या टोपलीत टाकलं नसेल, अशी आशा. फोन बरेचदा केला. दर वेळी ताईंनी उचलला, मागून तुमचा आवाज आला, “मी घरात नाही म्हणून सांग”, आणि ताईंनी ते जसंच्या तसं मला सांगितलं.

कामाचं आधी बोलतो. नाहीतर म्हणाल, गोड बोलून हळूच हात पसरला. आमची शंभर थरांची डिस्क तुमच्या अभिलेखागाराकडे तपासणीला येते आहे. पत्रावर सही कुणाचीही असो, टेबल तुमचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. दवाखान्यांची, कोर्टांची, जमिनींची कागदपत्रं पुढच्या दोन-तीन पिढ्या कशावर ठेवायची, ते यंदा ठरणार. टेपवाले बाशिंग बांधून बसलेत. टेप काही वर्षांनी नव्या टेपवर उतरवावी लागते आणि सर्व्हरला सतत वीज पाजावी लागते, हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. डिस्क एकदा लिहिली की फळीवर ठेवावी आणि विसरावं. पण यंदा नापास झाली तर अभिलेखागार डिस्कचा विषयच कायमचा बंद करणार, असं लेखी आलंय. अभिलेखागाराने बंद केला की बाकीचेही करतील. म्हणजे फक्त आमची कंपनी नाही, डिस्कच संपली.

सवलत मागत नाही. एवढंच म्हणतो, टेबलावर आली की डिस्क म्हणून बघा, माझी म्हणून नको.

धाकटी बहिणीची फार आठवण काढते. आपल्या भांडणात दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींच्या घरी जायच्या राहिल्या. मुलं मोठी झाली, त्यांना मावशी फोटोतच माहीत.

तुमचा धाकटा साडू

*

११ मार्च

सन्माननीय साडूसाहेब,

फोन मी मुद्दामच घेत नाही. तुमचा तोंडी शब्द मी एकदा ऐकलेला आहे. त्यापेक्षा शाई बरी.

सवलत मागत नाही म्हणता. मग पत्र कशासाठी, पोस्टाचं भलं व्हावं म्हणून?

विसरला असाल म्हणून आठवण देतो. पत्र्याच्या शेडमध्ये आपण दोघे एका बाकावर होतो. मला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत आणि तुम्हाला ‘भोंगा’. शाळेने दोघांनाही लवकरच निरोप दिलेला. जे आलं ते मोडकी यंत्रं उघडून आलं. डिस्कचे थर एकावर एक कसे चिकटवायचे, की मध्ये बुडबुडा राहणार नाही आणि लेसरला सगळ्यात खालचा थरही वरच्याइतकाच स्वच्छ वाचता येईल, हे मी हाताची कातडी सोलवटून शोधलं. तुम्ही म्हणालात, “तू हात चालव, मी तोंड चालवतो. पेटंटच्या अर्जावर दोघांची नावं.” मी विश्वास ठेवला. इतका, की माझ्या मेहुणीचं स्थळही तुम्हाला मीच आणलं. म्हटलं, घरचा माणूस घरात राहील.

मग एके दिवशी तुमच्या कंपनीच्या दाराशी भिंतभर फोटो दिसला. तुमचा. खाली लिहिलेलं, ‘बहुथर डिस्कचे जनक’. जनक! मी दारावरच्या पहारेकऱ्याला म्हटलं, “अहो, ही डिस्क माझी आहे.” तो म्हणाला, “असेल, पण बाजूला व्हा, गाडी येतेय.” गाडीत तुम्ही होतात. काच वर होती. त्यानंतर ज्याला ज्याला सांगितलं, त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर.

असो. तुमचे नमुने आले. पेटी मी स्वतः उघडली. प्रत्येक थराच्या कडेला तुम्ही एक बारीक खूण ठेवली आहे आणि शंभरच्या शंभर खुणा एका रेषेत, ओळंबा सोडल्यासारख्या. फार सुबक. मी बराच वेळ बघत बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “एवढं हसू कशाचं येतंय?” म्हटलं, “नातेवाईक आलेत.”

नमुने दमट भट्टीत ठेवले आहेत. तिथे उष्णता आणि ओल इतकी असते की फळीवर पिढ्यान्‌पिढ्या पडून जे व्हायचं ते काही आठवड्यांतच दिसतं. भट्टी नातं बघत नाही. मी बघतो.

मिलिमीटर

*

२० एप्रिल

साडूबुवा,

नापासाचं पत्र मिळालं. ‘एका बाजूला कडेचे थर सुटले, ओल आत शिरली, बाहेरच्या पट्ट्यातला डेटा वाचता येत नाही.’ दोन ओळींत माझी सगळी वर्षं.

आम्ही डिंक बदलून पाहिला. डिंक वाळवायचे दिवे बदलले. कारखान्यातली हवा तीनदा गाळून घेतली. ज्याच्या त्याच्या डोक्यावर टोपी चढवली, आता माणसं टक्कल पडल्यासारखी दिसतात. तरी इथल्या भट्टीतही तेच, आणि दर वेळी एकाच बाजूला! दुसरे नमुने द्यायला एकदाच संधी आहे, ऑगस्टमध्ये. त्यानंतर विषय बंद.

तुमच्या पत्रातला तो ‘फार सुबक’ माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकलाय. तुम्ही माझ्या कामाला उभ्या जन्मात सुबक म्हटलेलं नाही. तुम्हाला पेटी उघडताच काहीतरी दिसलं. हो ना?

आता एकदाचं स्पष्टच बोलतो. नाव मी एकट्याने लावलं. लावलं. पण तू छातीवर हात ठेवून सांग, माझ्याशिवाय ती डिस्क शेडच्या बाहेर आली असती? कंपनीचा माणूस बघायला आला, आणि तू त्याच्यासमोर नमुना उचललास, डोळ्याशी धरलास, “यात बुडबुडा आहे” म्हणालास आणि गुडघ्यावर मोडलास! त्या माणसाला बुडबुडा दिसलाही नव्हता. मी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावलो होतो. तुझ्या हातात राहिली असती तर आजही तू “अजून एकदा बघू दे” म्हणत बसला असतास. पोर तुझं असेल, पण त्याला शाळेत घातलं मी.

रागावलास तर रागाव. पण काय दिसलं ते सांग.

भोंगा

*

५ मे

साडूसाहेब,

‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलात, बरं वाटलं. अजून थोडे खाली या.

हो, दिसलं. पेटीचं झाकण पूर्ण उघडण्याआधीच दिसलं. कारण मला ठाऊक आहे आणि उपाय त्याहून सोपा आहे. त्याला नवं यंत्र लागत नाही, नवा डिंक लागत नाही. शेडमध्ये मी ती गोष्ट तुमच्या डोळ्यांदेखत रोज करत होतो. तुम्ही त्यावरून माझी टिंगलही केलेली आहे. माझ्या कागदांतून तुम्ही सगळं उचललंत, पण ही गोष्ट मी कागदावर कधी लिहिलीच नव्हती. ती हाताची सवय होती. खिसा कापता येतो साडूसाहेब, हात कापून नेता येत नाही.

आता आठवत बसा. जेवताना आठवा, दाढी करताना आठवा. कापून घेऊ नका.

बुडबुड्याचं म्हणाल, तर बुडबुडा होता. ज्याला दिसला नाही त्याच्यामागे तुम्ही धावलात, यात सगळं आलं.

तुम्हाला वाटेल, मी नुसता मजा बघतोय. तसं नाही. आमच्या तपासणीच्या अहवालात तळाशी ‘परीक्षकाचे निरीक्षण’ अशी जागा असते. दोषाचं कारण उमगलं असेल तर तिथे लिहायचं, नसेल तर रेघ मारायची. अहवाल कुणालाही वाचायला खुला असतो. मी रेघ मारली तर मला कुणी विचारणार नाही. डिस्क मरेल, टेपवाले पेढी मांडतील आणि तुमचा तो भिंतीवरचा फोटो उतरेल. माझं पोर मरेल, हे मला कळत नाही असं समजू नका.

तुमच्या ताईंना सांगितलं. ही म्हणाली, “सांगून टाका ना. तुमचीच आहे ती.”

म्हटलं, “माझी आहे म्हणूनच.”

“शेजाऱ्याला धडा शिकवायला स्वतःचं लेकरू उपाशी ठेवणारा बाप मी पहिल्यांदाच बघते,” म्हणाली. तेव्हापासून चहाचा कप टेबलावर आपटून ठेवते आहे. दोन कप गेले. तेही तुमच्याच खात्यावर.

मिलिमीटर

*

९ जून

ती. साडूबुवा,

आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. तुमच्या शेडमधल्या सगळ्या सवयी लिहून काढल्या. डिस्कवर फुंकर मारायची नाही, डाव्या हाताने उचलायची, काम चालू असताना कुणी शिंकलं तर त्याला बाहेर काढायचं. आमच्या लोकांनी त्यातलं एकेक करून पाहिलं. डावखुरेपणाने तर चार नमुने फुटले.

हरलो. हे लिहायला मला किती वेळ लागला, ते धाकटीला विचारा.

सोबतचे कागद नीट वाचा. जुन्या पेटंटची मुदत यंदा संपते आहे. शंभर थरांच्या डिस्कसाठी नवा अर्ज तयार केलाय. त्यात तुमचा उपाय घालायची जागा मोकळी ठेवली आहे. शोधक म्हणून दोन नावं आहेत. तुमचं पहिलं. कंपनीच्या सह्या झाल्यात, माझी झालीय, फक्त तुमची राहिली आहे. दाराशी फोटोही दोघांचा लागेल. फोटो काढायला माणूस पाठवतो, कारण केस विंचरलेला तुमचा फोटो आपल्या दोन्ही घरांत मिळून एकही सापडला नाही.

अट एकच. उपाय अहवालात लिहायचा नाही, मला एकट्याला कळवायचा. तो उघड झाला तर त्यावर पेटंट मिळत नाही, आणि मग कुठलाही ऐरागैरा आमच्या शेजारी आमचीच डिस्क बनवेल. मला कंपनीत कुणी उभं करणार नाही.

तुम्हाला जे हवं होतं ते हेच ना? मग घ्या. उशिरा देतोय, पण देतोय. धाकटी म्हणते, “भाओजी सही करतील. ते कडू आहेत, पण वेडे नाहीत.”

तुमचा,
भोंगा

*

२७ जून

साडूसाहेब,

कागद मिळाले. पहिल्या पानावर माझं नाव पाहिलं. संपूर्ण, वडिलांच्या नावासकट, एकही अक्षर न चुकता. मी ते पान खिडकीशी नेऊन वाचलं. मग ताईंना दाखवलं. तिने हात पुसून घेतले आणि मगच कागद हातात धरला.

“झालं एकदाचं,” म्हणाली. “करा सही. मी उद्याच धाकटीकडे जाते.”

मी पेनाचं टोपण काढलं. आणि मग माझ्या नावाखाली तुमचं नाव वाचलं.

टोपण परत लावलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन अहवाल पुरा केला. निरीक्षणाच्या जागेत रेघ मारली नाही. कारणही लिहिलं, उपायही लिहिला. आज तो छापून सगळीकडे गेला. तुमच्याकडे येईलच, पण साडू म्हणून तुम्हाला आधी सांगतो.

साचा कितीही चांगला असो, त्यातून निघणारा प्रत्येक थर एका अंगाला केसभर जाड असतो. वह्यांची चळत लावताना सगळ्यांची शिवण एकाच बाजूला ठेवली की चळत कलते, तसंच हे. शेडमधल्या आपल्या सहा थरांत कळत नाही. शंभर थरांत जाड अंगावर जाड अंग चढत जातं, दुसऱ्या बाजूला डिंक ताणला जातो आणि तिथेच कड सुटते. म्हणून पुढचा थर ठेवताना मी तो आधीच्यापेक्षा पाव वळसा फिरवून ठेवायचो. दर वेळी. जाडी चहूकडे वाटली जाते. लेसर एकेक थर वेगळा वाचतो, त्याला फिरवल्याचा काही फरक पडत नाही. तुम्ही म्हणायचात, “मिलिमीटर, डिस्क लावतोयस की तिजोरी उघडतोयस?” आठवलं?

आणि तुम्ही काय केलंत? थर सरळ लागावेत म्हणून खुणा केल्या, आणि खुणेवर खूण बसवणारं यंत्र घेतलं! माझ्या हाताने जे वाकडं करून वाचवलं होतं, ते तुमच्या यंत्राने शंभर वेळा सरळ करून मारलं.

ऑगस्टमध्ये नमुने पाठवा. पास होतील. तुमच्यासोबत आणखी कुणी पाठवले तर तेही पास होतील. कुणीही करावं, कुठेही करावं. माझं पोर जगलं, साडूसाहेब. फक्त तुमच्या घरी राहणार नाही.

अहवालावर परीक्षकाचं नाव छापत नाहीत, कार्यालयाचा शिक्का असतो. म्हणजे माझंही नाव कुठे नाही. ठाऊक आहे. तुमच्या शेजारी बसण्यापेक्षा ते बरं.

कागद परत पाठवतो आहे. माझ्या सहीची जागा कोरी.

ताईने कालपासून कप आपटणंही बंद केलं आहे.

मिलिमीटर

*

१४ नोव्हेंबर

साडूबुवा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की फक्त शिव्याच सुचत होत्या. आता त्याही संपल्या.

तुम्हाला माहीत असेलच. अभिलेखागाराने टेप सोडून डिस्क घेतली. काम तीन कारखान्यांना वाटून दिलं. आमचा त्यात नाही, यंत्रं बदलण्यातच आमचा ऑगस्ट गेला. नवे लोक आमच्यापेक्षा हुशार निघाले, त्यांच्याकडे खुणेवर खूण बसवणारी यंत्रं नव्हती, त्यामुळे मोडावीही लागली नाहीत. सगळे त्याला ‘पाव वळसा’ म्हणतात. कुणाचा, ते कुणी विचारत नाही.

मला कंपनीने काढलं नाही. ‘जनक’ आहे ना, जनकाला कसं काढणार? पाहुण्यांना कारखाना दाखवायचं काम दिलंय. दर गुरुवारी पंधरा-वीस माणसं येतात, पोरंसोरं, मास्तर, निवृत्त लोक. मी पुढे चालतो, ती मागून. भोंग्याला शेवटी भोंग्याचंच काम मिळालं, हसा.

खरी गंमत पुढेच आहे. गेल्या महिन्यात एका बाईंनी विचारलं, “हे तुम्हाला सुचलं कसं?” काय झालं कोण जाणे, मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, “मला नाही सुचलं. माझ्या साडूला सुचलं. माझं नाव उगाच आहे.” मग टाळ्या! “केवढा मोठा माणूस आणि किती नम्र!” त्या बाईंनी रुमालाने डोळे पुसले. पुढच्या गुरुवारी पुन्हा सांगितलं, जरा जोरात. पुन्हा टाळ्या, वरून एकाने सही मागितली. आता साहेब म्हणतात, “ते साडूचं दर वेळी सांगत जा, लोकांना आवडतं.”

मी खरं सांगतोय आणि कुणाला ते खरं वाटत नाही. तुम्हाला कसं वाटत होतं, ते मला आता कळायला लागलंय. एवढं कळवण्यासाठीच लिहिलं. आता तरी पुरे करूया का?

भोंगा

*

२२ नोव्हेंबर

साडूसाहेब,

पत्र दोनदा वाचलं. टाळ्यांचा भाग तीनदा.

पुरे करूया म्हणता. तुम्हाला कुणी खोटं मानत असेल, तर ते मोठेपणा समजून मानतं. मला मानत होते ते चोर समजून. दोन्ही एकच वाटत असतील, तर तुम्हाला अजून काही कळलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघे येतो आहोत. गाडीचं आरक्षण झालं आहे. ताई तुमच्याकडे उतरेल, चांगली आठवडाभर राहील. तिच्या बॅगेत धाकटीसाठी काय काय भरलंय ते मला बघू देत नाही. माझी व्यवस्था स्टेशनजवळच्या लॉजवर आहे, आग्रह करू नका. पण कारखाना बघायला मात्र मी येणार. पाहुण्यांच्या यादीत नाव रीतसर नोंदवलं आहे.

मी पुढच्याच रांगेत उभा राहीन. केस विंचरून. तुम्ही तुमची ती साडूची गोष्ट सांगा, नेहमीसारखी. टाळ्या पडू द्या, मी मध्ये बोलणार नाही. टाळ्या थांबल्या की हात वर करीन आणि एकच प्रश्न विचारीन. वह्यांची चळत सरळ करायला आपण एक वही सोडून दुसरी अर्धी फिरवतो, तेवढ्याने भागतं. मग डिस्कला अर्धा वळसा का नाही चालत? पावच का?

अहवालात मी उपाय लिहिला आहे, पण याचं उत्तर लिहिलेलं नाही. त्या तीन कारखान्यांनाही ते ठाऊक नाही, ते आपले सांगितलं तसं फिरवतात. तुम्ही अडखळाल. लोक आधी तुमच्याकडे बघतील, मग वळून माझ्याकडे. आणि मग त्यांना उत्तर मी देईन, सगळ्यांदेखत, खडूने फरशीवर आकृती काढून.

गुरुवारला अजून अवकाश आहे. तोवर हवं तर डोकं चालवा, नमुने फोडा, माणसांना विचारा. पत्राने मात्र मला विचारू नका. मी घरात नाही.

मिलिमीटर